बारावी कोंबडी: मांडीखाली बटाटे

जमलं! रविवारी दुपारी ओटीजीचं (विजेवरच्या छोट्या भट्टीचं) दार उघडलं, सुरीची पाठ मांडीवरून फिरवली आणि खर्रर्र आवाज आला. छातीवर हा आवाज नवव्या कोंबडीपासून येतोय. मांडीवर पहिल्यांदाच आला. लेकीला स्वयंपाकघरात बोलावून मी तो परत करून दाखवला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: कातडीसकट अख्खी कोंबडी उघडून, चपटी करून ओटीजीत अशी भाजायची की कातडी कुरकुरीत व्हावी, हा माझा प्रयोग. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना दुखणं माहीत आहे. छाती तांबूस आणि पापडासारखी, मांडी नि तंगडी मात्र फिकट, ओढली की ताणणारी. दहाव्या कोंबडीत छातीचा उंचवटा करपायला लागला तरी मांडीत खुपसलेला प्रोब (थर्मामीटरची सुई) ७१ अंशांच्या वर सरकेना. छाती ७४ ला थांबवली नाही तर तिचा भुसा होतो, आणि मांडीला निदान ८० मिळाले नाहीत तर सांध्याजवळचा चिवटपणा सुटत नाही. कोंबडी उघडून चपटी करायची ती याचसाठी, की मांड्या उघड्यावर येतात आणि त्यांना आच जास्त लागते. माझ्याकडे नेमकं उलटं घडत होतं.

सलग तीन कोंबड्या मी चुकीच्या चोराच्या मागे होते.

पहिला संशय फ्रीजवर. सासूबाई शनिवार पाळतात, त्यामुळे शनिवारी मीठ लावलेली कोंबडी गॅलरीतल्या जुन्या एकदारी फ्रीजमध्ये जायची. तो डायरेक्ट कूल, आत पंखा नाही. त्यात आषाढातली हवा. चोवीस तास उघडी ठेवूनही सकाळी कातडी हाताला ओलीच लागायची. नवव्या कोंबडीपासून सासूबाईंनी स्वतःहून घरातल्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजचा खालचा कप्पा दिला (भाजी वर, कोंबडी खाली, मध्ये ताट). त्यात खेळती कोरडी हवा असते, कातडी चर्मपत्रासारखी सुकते. ड्राय ब्राइन (कोरडं मीठ लावून मुरवणं) करणाऱ्यांनी मिठाचा ब्रँड बदलण्याआधी आपला फ्रीज कोणता आहे ते बघावं, असं माझं ठाम मत झालंय. पण यात सुधारली ती छाती. मांडी जैसे थे.

दुसरा संशय व्होल्टेजवर. रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीत मीटरवर २०५ दिसले. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, त्यामुळे २३० च्या जागी २०५ आले की १६०० वॉटचा ओटीजी १२७० च्या आसपास येतो. पाचवा हिस्सा गेला! मला वाटलं, सापडलं. अकरावी कोंबडी मुद्दाम दुपारी केली, २२८ व्होल्ट होते. छाती आणखी लवकर लाल झाली आणि मांडी तशीच राहिली. आता छाती-मांडीतला फरक वाढला होता, म्हणजे भट्टी कमी तापते हा मुद्दाच निकालात निघाला.

तिसरी गोष्ट थर्मामीटरची, आणि ही पुण्यातल्या सगळ्यांनी वाचा. उकळत्या पाण्यात माझा प्रोब ९८ दाखवतो. तो दोन अंशांनी कमी दाखवतो असं धरून मी आजवर प्रत्येक आकड्यात दोन मिळवत आले. पण आपलं पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. प्रोब खरा होता, माझी दुरुस्ती खोटी होती. बर्फाच्या पाण्यात घालून बघितलं, बरोबर शून्य. म्हणजे आधीच्या नोंदींत मी ‘७४ ला काढली’ लिहिलंय तिथे ७२ वाचा. त्या आकड्यांवर कुणी कोंबडी केली असेल तर कृपया पुढच्या वेळी पूर्ण ७४ होऊ द्या.

खरा चोर सापडला तो गुरुवारी, भट्टी बंद असताना. ट्रेवरची जाळी आत सरकवली, अकराव्या कोंबडीचा अंदाज म्हणून त्यावर पिठाचे गोळे तेवढ्या उंचीचे रचले, खाली बसून डोळे काचेच्या रेषेत आणले आणि लेकीची सहा इंची पट्टी घेतली. छातीच्या उंचवट्यापासून वरच्या रॉडपर्यंत ६ सेंटिमीटर. मांडीपासून ११. इथेच घोडं पेंड खात होतं. मोठ्या ओव्हनमध्ये गरम हवा सगळीकडे खेळते, तिथे चार-पाच सेंटिमीटरने बिघडत नाही. आमच्या तीस लिटरच्या डब्यात लाल झालेला रॉड थेट भाजतो, आणि जे जवळ ते आधी भाजलं जातं. चपटी कोंबडी चपटी म्हणायची खरी, पण छाती टेकडी आणि मांड्या पायथ्याला. त्यातून ओटीजीसोबत येणारा ट्रे उभ्या काठांचा. मांड्या त्या काठांच्या आड, स्वतःच्याच वाफेत बसलेल्या. हा ट्रे मला कधीच आवडला नाही. तो जवळजवळ सगळी भट्टी अडवतो आणि खालच्या रॉडची आचही वर येऊ देत नाही. आता तो फक्त ढोकळ्यासाठी.

उपाय दोन बाजूंनी करायचा ठरवला: टेकडी उतरवायची आणि पायथा उचलायचा.

टेकडी म्हणजे छातीचं मधलं हाड. आजवर मी कणा कापून झाला की कोंबडी पालथी घालून तळहाताने दाबायचे, कट्ट वाजलं की समाधान मानायचे. त्याने हाड फक्त तडकतं, जागचं हलत नाही. या वेळी ते पूर्ण काढलं. कोंबडी आतल्या बाजूने वर, मान माझ्याकडे. दोन्ही पंखांच्या मधोमध, मानेच्या टोकाला पांढरी कुर्ची दिसते. तिच्यावर सुरीच्या टोकाने अर्धा सेंटिमीटर खाच पाडली, त्याहून खोल नाही, नाहीतर खालची कातडी फाटते. मग दोन्ही हात खालून घालून कोंबडी पुस्तक उलटं दुमडावं तशी मागे वाकवली. लालसर काळपट हाड आपोआप वर उसळून आलं. दोन्ही अंगठे त्याच्या कडेने आत सारत नेले. मांस हाडापासून ओल्या कागदासारखं सुटत गेलं. पुढचा टणक भाग सहज हाताशी आला. मागची शेपटी मऊ, पांढरी, पालीच्या जिभेएवढी बारीक होत जाते आणि बॉयलर कोंबडीत ती हमखास तुटते. तुटलीच. बोटाने चाचपून राहिलेला तुकडा काढला. पट्टी लावली: छाती ते रॉड साडेआठ सेंटिमीटर.

पायथा उचलायला आधी फॉइलचे बोळे करणार होते. हातात रोल घेतला आणि शेजारी बटाट्यांची टोपली दिसली. मध्यम आकाराचे दोन बटाटे अर्धे कापले, कापलेली बाजू खाली, प्रत्येक मांडीखाली दोन-दोन. मांडी ते रॉड आठ! छातीपेक्षाही अर्धा सेंटिमीटर जवळ, जे मला हवंच होतं. ट्रेऐवजी जुनं ॲल्युमिनियमचं बुटक्या काठाचं ताट, त्यावर जाळी.

बाकीचं नेहमीचंच. वजन साफ करून १ किलो २४० ग्रॅम. मीठ १५ ग्रॅम, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, बावीस तास उघडी. (पुन्हा सांगते, पावडर म्हणजे पावडर. खाण्याचा सोडा चालत नाही, चौथ्या कोंबडीची साबणासारखी चव मी अजून विसरलेले नाही.) कांदा-लसूण मसाला कातडीवर लावला तर दहा मिनिटांत काळा पडतो, म्हणून तो दोन चमचे तुपात कालवून कातडीच्या आत, बोटांनी मांडीपर्यंत सारला. लोणी नको, त्यात पाणी असतं. इतकी सुकवलेली कातडी आतून ओली करण्यात अर्थ नाही.

२२० वर बेचाळीस मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला छाती ६६, मांडी ७५, आणि मी पहिल्यांदाच मांडीचा आकडा मोठा बघत होते. बाहेर काढली तेव्हा छाती ७४, मांडी ८३. दहा मिनिटं जाळीवरच ठेवली, झाकण नाही, फॉइल नाही.

तंगडी ओढली तर सांधा बोटांनी सुटला. कातडी दाताखाली आधी कडक आणि मग लगेच विरघळणारी, मसाल्याचा तिखटपणा तिच्या खालून येणारा. आणि ते बटाटे! कापलेल्या बाजूला तुपाची, मसाल्याची, कोंबडीच्या चरबीची लालबुंद खरपूस साय धरली होती. शाकाहाराचा वार नसेल त्या दिवशी सासूबाई कोंबडीचा एखादाच तुकडा घेतात. आज त्यांनी बटाटे मागून घेतले. यापुढे मी मांडीखाली बटाटे घालणार ते उंचीसाठी आणि बटाट्यांसाठीही. कणा, मान आणि ते हाड हळद, मीठ, आलं-लसूण घालून उकळलं, संध्याकाळी सगळ्यांना वाटीवाटी अळणी पाणी.

आता कोंबडी आणण्याबद्दल, कारण तिथे अजून धड जमत नाही. एका ॲपवरून दोनदा ‘कातडीसकट अख्खी’ मागवली. एकदा सोललेली आली, एकदा कातडी होती पण छातीवर मसाला मुरवायच्या चिरा पाडून. चिरा पाडलेली कोंबडी आपल्या काहीच कामाची नाही. त्यापेक्षा कोपऱ्यावरचे चिकनवाले मामा बरे. पहिल्या वेळी म्हणाले, “ताई, कातडी खाता होय तुम्ही?” आपल्याकडे कातडीसकट पिसं एका ओढीत काढणं त्यांना सोपं पडतं, गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. पिसंच तेवढी काढायची तर पाणी तापवावं लागतं, म्हणून मी आदल्या दिवशी फोन करते आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत जाते. पाणी फार कढत असलं की कातडीचा वरचा पातळ पापुद्रा सुटतो आणि मांडीच्या घडीत ती फाटते. या वेळी मी उभी राहून म्हटलं, “मामा, बुडबुडे यायच्या आधी बुडवा.” त्यांनी ऐकलं, आणि बाराव्या कोंबडीला एकही भोक नव्हतं. राहिलेली बारीक लव मी चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर जाळते. गावी आत्या हळद चोळून चुलीच्या जाळावर भाजायची, त्याचंच हे छोटं रूप.

पुढचा बेत गटारीचा. आठ माणसं येणार, दोन कोंबड्या लागणार, ओटीजीत एका वेळी एकच मावते. पहिली काढून दुसरी घालायची असं ठरवून टाकलं होतं, आणि हे लिहायला बसले तोवर तसंच होतं. पण वर ‘जे जवळ ते आधी भाजलं जातं’ हे वाक्य लिहिल्यापासून डोक्यात दुसरंच चाललंय. सगळी कातडी एकाच अंतरावर हवी असेल तर ते अंतर शून्यच का नको? जॉर्जिया देशात ताबाका करतात तो असाच: लहान कोंबडी उघडून, जड तव्यात कातडी खाली, वरून वजन. माझ्याकडे बिडाचा मोठा तवा आहे. वजनाला वरवंटा, पण तो गोल, घरंगळेल. पाटा ठेवावा तर तो मला एकटीला उचलत नाही. मधला मार्ग असा: कोंबडीवर फॉइल, फॉइलवर भाकरीचा लोखंडी तवा, पालथा नव्हे, सुलटा, आणि त्याच्या खोलगट भागात फडक्यात गुंडाळलेला वरवंटा. खोलगटपणामुळे तो तिथेच बसेल. मसाला आत असल्यामुळे करपायची भीती कमी. मध्यम आचेवर कातडीची बाजू वीसेक मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता बाकीची. प्रोब आहेच, त्यामुळे मिनिटांपेक्षा ७४ आणि ८० वरच भरवसा ठेवीन.

यासाठी कोंबडी लहान हवी, नऊशे ग्रॅमच्या आतली. मंगळवारी सासूबाईंचा उपास नाही, त्यामुळे सोमवारी मामांना फोन, मंगळवारी सकाळी कोंबडी, दुपारी मीठ, बुधवारी संध्याकाळी तेरावी कोंबडी तव्यावर. ती जमली तर गटारीला एक ओटीजीत बटाट्यांवर आणि एक तव्यावर, दोन्ही एकाच वेळी ताटात. त्यानंतर श्रावण, महिनाभर भट्टी बंद. वरवंट्याला बसेल असा लोखंडी तवा कुणी वापरलाय का, आणि तुमच्याकडे किती किलोचं वजन पुरलं, ते बुधवारच्या आत कळवा. माझा वरवंटा मोजला, साडेतीन किलो भरला.