९० किलो होतच नाही, सर!

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिलं, "एका माणसाने एका दिवसात २०० पौंड कापूस वेचायचा," आणि पोरांना म्हटलं याचे किलो करा. ९० किलो आणि वर काही ग्रॅम. मग जो गलका झाला तो माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतिहासाच्या तासाला कधी ऐकला नव्हता. "होतच नाही सर!" "माझी माय वेचते ना, बोंडं चांगली फुटली तं पन्नास, नाहीतर तीस-पस्तीस." "फरदडीला तं वीस पण नाही होत." "सर, ते ओला करून मोजत असतील." हे शेवटचं ज्याच्या बापाचा कापूस खरेदीचा धंदा आहे त्या पोराचं, असो.

एका मुलीने काही न बोलता अंगठा दाखवला. नखाच्या कडेला बोंडाचं वाळलेलं टोक घुसून घुसून कातडी फाटलेली, काळी पडलेली. शनिवार-रविवारी ती आईसोबत वेचणीला जाते, कधी कधी सोमवारी पण, हजेरीत मी दुर्लक्ष करतो.

मग मी सांगितलं की हे २०० पौंड मी मनाने नाही लिहिले. सॉलोमन नॉर्थप नावाचा एक माणूस होता, न्यूयॉर्क राज्यातला, काळा पण स्वतंत्र, बायकापोरं असलेला, व्हायोलिन वाजवायचा. १८४१ मध्ये त्याला कामाचं आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेलं आणि तिथून गुलाम म्हणून विकून टाकलं, लुईझियानात, कापसाच्या मुलखात. सुटल्यावर त्याने सगळं लिहून ठेवलं. दिवसाचं साधारण काम २०० पौंड, आणि रात्री अंधारात टोपली घेऊन काट्यावर जायचं तेव्हा प्रत्येकाच्या पोटात गोळा, कारण कमी भरला तर चाबूक. आणि जास्त भरला तर? मी वर्गाला विचारलं. बक्षीस, असं दोघा-तिघांना वाटलं. पण मागच्या बाकावरचा एक, जो एरवी तोंडच उघडत नाही, तो म्हणाला, "मंग उद्या तेवढाच मागतील." बरोबर! नॉर्थपने अगदी हेच लिहिलंय. या पोराचे आईबाप दरवर्षी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात, त्याला पुस्तक वाचायची गरजच नव्हती.

आता हे सगळं का लिहितोय, तर गुलामगिरी शाळेत कशी शिकवायची यावर मी बरीच वर्षं डोकं आपटतोय आणि एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, ते आधी सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगवरून आलो होतो, कृतीतून शिकवा, अनुभव द्या, वगैरे डोक्यात भरलेलं. म्हटलं आपण गुलामांचा लिलाव करून दाखवू. चार पोरं बाकावर उभी केली, बाकीचे बोली लावणारे. मागून एक जण ओरडला "दोन हजार!" आणि वर्ग हसला. बाकावर एक मुलगी उभी होती, ती खाली स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती, वर बघेचना. मी पण हसत होतो, हे सांगायला लाज वाटते. रात्री घरी जेवताना डोक्यात आलं की चारपैकी तीन पोरं भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली होती. मी ठरवून नव्हती निवडली हो, हात आपोआप तिकडे गेला, आणि तेच तर जास्त वाईट. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. कुणी तक्रार केली नाही, त्यांच्याकडचं कुणी तक्रार करायला येतच नाही.

तेव्हापासून नाटक बंद. गुलामगिरीचा अभिनय पोरांकडून करून घ्यायचा नाही, एकदाही नाही. पोरांकडून गणितं करून घ्यायची. अमेरिकेत पण शाळांमध्ये असे खोटे लिलाव झाले आणि पालक भडकले हे मला नंतर कळलं.

दुसरी पद्धत आपल्याकडे सगळ्यांची लाडकी, सनावळीची. १६१९ ला आफ्रिकेतली माणसं व्हर्जिनियात आणली, १८०७ ला ब्रिटनने व्यापार बंद केला, १८३३ ला कायदा, १८६५ ला अमेरिकेत १३ वी घटनादुरुस्ती, संपलं, लिंकन महान, पुढचा धडा. यात पोराच्या डोक्यात काय राहतं? की कुठंतरी लांब दुष्ट लोक होते, मग चांगले लोक आले आणि कायदा झाला. पण त्याच १८३३ च्या कायद्याचा हिशोब मांडा ना. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड दिले, त्यांच्या त्या वेळच्या वर्षाच्या खर्चाच्या ४० टक्के वगैरे. कुणाला दिले? मी हा प्रश्न विचारतो तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात "गुलामांनाऽऽ" म्हणतो. मालकांना दिले! ज्याला राबवलं त्याला दमडी नाही, उलट मोकळं व्हायच्या आधी अजून काही वर्षं त्याच मालकाकडे उमेदवारी करायची. आणि त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं कधी तर २०१५ मध्ये. पोरं आ वासून बघतात, कारण २०१५ म्हणजे त्यांच्या घरातला टीव्ही पण त्याच्यापेक्षा जुना असतो. आणि एक, त्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता. म्हणजे आपण. आपल्याकडे कायदा आला १८४३ ला, आणि तो पण एवढाच की कोर्ट इथून पुढे कुणाची मालकी मानणार नाही.

शब्दांचं पण तसंच. २०१५ मध्येच टेक्सासमधल्या एका पोराने शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो आईला पाठवला. नकाशाखाली लिहिलेलं, आफ्रिकेतून लाखो कामगार शेतमळ्यांवर काम करायला आणले. कामगार! जसं काय बस पकडून आले. आईने आवाज उठवला आणि प्रकाशकाला ते बदलावं लागलं. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात एक ओळ आली की गुलामांनी काही कौशल्यं शिकली जी त्यांना कधी कधी स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली, त्यावर पण मोठा वाद झाला.

हे वाचून आपण हसतो. पण "कुणबीण" हा शब्द काय आहे मग? पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या, किमतीच्या नोंदी आहेत, दुष्काळात विकलेल्या, बदचालीचा आरोप ठेवून सरकारजमा केलेल्या बायका, लग्नात आंदण दिलेल्या. आपण पोरांना सांगतो "दासी". दासी म्हटलं की डोळ्यांपुढे मालिकेतली पंखा हलवणारी बाई येते. "बटीक" म्हणजे पण गुलाम बाईच, ती तर आपण शिवी करून टाकली, आणि ती कशावरून आली हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

मलिक अंबरचं बघा. आपण शिकवतो कसं, तर निजामशाहीचा वजीर, जमीन महसुलाची पद्धत, गनिमी कावा, १६२४ ची भातवडीची लढाई, खडकी शहर. सगळं खरं, माणूस मोठाच. पण हा मूळचा हबशी पोरगा, चापू नावाचा, हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनला आला, एका मालकाने त्याचं नावच बदलून टाकलं. इथे त्याला विकत घेतला निजामशाहीतल्या चंगीझखानाने, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता. हे एका ओळीत उरकून आपण लगेच लढाईला पळतो, म्हणजे पोराला वाटतं गुलाम झाला म्हणूनच मोठा झाला. फ्लोरिडाच्या ओळीत आणि यात मग काय फरक राहिला? एकदा एका पोराने विचारलं, "सर, त्याच्यासोबत त्या जहाजात बाकीचे पण होते ना, त्यांचं काय झालं?" असे प्रश्न परीक्षेत येत नाहीत.

आणि खानदेशच्या पोरांना तर हा विषय कुठून लांबून आणायची गरजच नाही. आपल्या काळ्या मातीतूनच जातो. १८४० मध्ये कंपनी सरकारने हिंदुस्थानात कापूस सुधारायला अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा प्लँटर आणले होते, म्हणजे गुलामांकडून कापूस पिकवून घेणाऱ्या मुलखातली माणसं आपल्या शेतकऱ्याला शिकवायला! बऱ्याच ठिकाणी ते फसलं ती गोष्ट वेगळी. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिकडचाच असायचा तो थांबला. मग सगळ्या जगाची नजर आपल्याकडे. भाव आभाळाला, मुंबईत चांदीचा पूर, आणि त्याच वर्षांत रेल्वे भुसावळकडे सरकत होती. १८६५ ला लढाई संपली, भाव धाडकन खाली, आणि तेजीच्या भरवशावर ज्यांनी सावकाराकडून उचललं होतं ते बसले कपाळाला हात लावून. म्हणजे तिकडे ४० लाख माणसं मोकळी होत होती आणि त्याच लढाईने इकडच्या शेतकऱ्याच्या घरी आधी चांदी आणि मग सावकार आणून बसवला. ही एकच गोष्ट नीट सांगितली तरी पोरांना जगाचा नकाशा कळतो, भाव म्हणजे काय ते कळतं, आणि शेतकऱ्याच्या पोराला वाटतं अरे हे आपलंच चाललंय.

जोतिबांना हे तेव्हाच दिसलं होतं. १८७३ ची "गुलामगिरी" त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना सोडवलं. पुण्यात बसलेल्या माणसाने! आपण पोरांकडून पुस्तकाचं नाव आणि साल पाठ करून घेतो, अर्पणपत्रिका वाचून दाखवत नाही. मी दाखवतो, पाच मिनिटं लागतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं की याचा आणि आपला काय संबंध. तो प्रश्न यावा म्हणून तर वाचायची.

आता अवघड भाग. माझ्या वर्गात शेतमालकाची पोरं आणि त्याच्याच सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची पोरं एका बाकावर बसतात. आमच्या घरी पण सालदार होता, आजी त्याच्याबद्दल म्हणायची "तो आपला घरनाच शे". घरचाच होता, पण चहाचा कप त्याचा वेगळा, गोठ्याच्या खुंटीला अडकवलेला, कान तुटलेला. मला हे दिसत होतं आणि दिसत नव्हतं. म्हणून वर्गात मी सालदार म्हणजे गुलाम असं कधीच म्हणत नाही, ते खोटं आहे आणि ज्याला खरोखर काट्यावर आणि लिलावात उभं केलं त्याच्यावर अन्याय आहे. मी चार प्रश्न देतो. सोडून जाता येतं का? जन्मलेलं पोर कुणाचं? विकता येतं का? कोर्टात उभं राहता येतं का? व्हर्जिनियात १६६२ लाच कायदा झाला की आई गुलाम तर पोर गुलाम, बाप कुणी का असेना. मग ही चार माणसं घ्या, नॉर्थप, पेशवाईतली कुणबीण, १९७६ च्या कायद्याआधीचा वेठबिगार, आणि आजचा सालदार, आणि भरा उत्तरं. शहाद्याकडची गोष्ट पण सांगतो, आदिवासींचे पुढारी अंबरसिंग महाराज, १९७२ ची श्रमिक संघटना, मजुरी आणि गिळलेल्या जमिनींसाठी आदिवासी कसे उभे राहिले. ते तर या पोरांच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी केलंय.

तर हा तक्ता पोरांनी घरी नेला आणि रात्री फोन आला. एका पालकाचा, लांबच्या नात्यातला, बागायतदार माणूस.

"सर, तुम्ही पोरेसले काय शिकाडी ऱ्हायनात? मना पोऱ्या घर ईसन माले इचारस, आपला सालदार गुलाम शे का म्हने. मी काय त्याले चाबूक मारस का?"

म्हटलं नाही, तुम्ही नाही मारत, तेच तर शिकवतोय, तक्ता बघा. विकता येतं का, नाही. पोर कुणाचं, त्याचंच. कोर्टात जाता येतं, हो. "आणि सोडून जाता येतं का, हे तुमच्या पोराने कोरं ठेवलंय, तुम्हीच सांगा."

"जाऊ शकस ना. आखाजीले हिशोब व्हस, जाय म्हना."

"आणि उचल अंगावर असली तर?"

"उचल तं फेडनीच पडी ना सर," ते म्हणाले, आणि मग गप्प. मी पण गप्प. मागे त्यांच्याकडे म्हैस ओरडत होती. मग एकदम विचारलं, त्या व्हायोलिनवाल्याचं पुढे काय झालं, पोरगा सांगत होता.

सांगितलं, सुटला, १२ वर्षांनी, १८५३ मध्ये. ज्या व्यापाऱ्याने वॉशिंग्टनला त्याला कोंडून विकला त्याच्यावर केस पण केली. पण कोर्टात नॉर्थपची साक्षच घेतली नाही, काळ्या माणसाची साक्ष तिथे चालत नव्हती.

"मंग?"

"मग काही नाही. व्यापारी सुटला."

बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "बरं ते जाऊ द्या सर, जयगावले कापूसना काय भाव चालू शे?"