फळ्यावरचा ठिपका आणि रेघ

चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम आणि घरी कोंकणी. फोंडा महालातल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची हीच वाट. स्मरणिकेसाठी आवडत्या तासाबद्दल लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मला आठवीतला इंग्रजी व्याकरणाचाच तास आठवला. त्या दिवशी सरांनी 'सिन्स' आणि 'फॉर' शिकवलं.

आमची अडचण कुठे आहे हे सरांना पक्कं ठाऊक होतं. आपण 'सोमवारपासून ताप आहे' म्हणतो आणि 'तीन दिवसांपासून ताप आहे' असंही म्हणतो. 'पासून' दोन्हीकडे चालतं, म्हणून वर्गात 'सिन्स थ्री डेज' हमखास ऐकू यायचं. सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला आणि खाली एक आडवी रेघ ओढली. ठिपका म्हणजे जिथून सुरुवात झाली ती वेळ : वार, तारीख, साल, आजीचं लग्न. तिथे 'सिन्स'. रेघ म्हणजे काळाची लांबी : तीन दिवस, दोन वर्षं. तिथे 'फॉर'.

एवढं कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतं. सरांची खरी ताकद उदाहरणांत होती. 'द पोर्तुगीज रूल्ड गोवा फॉर ४५१ इयर्स.' १५१० ते १९६१, रेघ दोन्ही टोकांना बंद, म्हणून क्रियापद साधा भूतकाळ. लगेच पुढचं वाक्य : 'गोवा हॅज बीन फ्री सिन्स १९६१.' इथे ठिपक्यापासून निघालेली रेघ आजपर्यंत येते, म्हणून 'हॅज बीन'. आपण मराठीत 'मी १९८७पासून इथे राहतो' असा सरळ वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीला तो चालत नाही. 'फॉर' मात्र दोन्हीकडे जातो. 'ही लिव्ड इन पणजी फॉर टेन इयर्स' म्हणजे तो आता तिथे नाही. 'ही हॅज लिव्ड' म्हटलं की अजून आहे. एका 'हॅज'मुळे माणसाचा पत्ता बदलतो, हे कळल्यावर मी त्या विषयाच्या प्रेमातच पडलो.

मग सरांनी ४५१चा आकडा पुसला. तो तिसवाडीचा, म्हणजे पणजीकडच्या भागाचा, म्हणाले. आपला फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकात, तेव्हा आपली रेघ आखूड. म्हणूनच तर बाटाबाटीच्या काळात देव इकडे आणले गेले. आणि फळ्यावर वाक्य आलं : 'द डेइटी हॅज बीन इन प्रियोळ सिन्स १५६०.' कुठ्ठाळीहून आलेला मंगेश अजून प्रियोळलाच आहे, म्हणून इथे 'वॉज' लिहिता येत नाही. ज्या जत्रेला आम्ही दरवर्षी जायचो, तिचा इतिहास मला असा एका क्रियापदातून समजला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून तो तसा कधी भिडला नव्हता.

तास संपता संपता एका मुलीने विचारलं, 'सिन्स'चा अर्थ 'कारण' असाही होतो ना? सर खूश झाले. त्यांनी लिहिलं : 'सिन्स ही लेफ्ट गोवा, ही हॅज नॉट स्पोकन कोंकणी.' गोवा सोडल्यापासून की सोडल्यामुळे? वाक्य दोन्ही बाजूंनी लागतं. 'फॉर'सुद्धा जुन्या वळणाच्या इंग्रजीत कारण सांगतो, पण तो मुख्य विधानाच्या मागून येतो, आधी कधीच नाही. कारणच सांगायचं असेल आणि वाचणारा अडखळण्याची भीती असेल, तर सरळ 'बिकॉज' लिहा, असा त्यांचा सल्ला होता.

मी आज पणजीत दस्तऐवजांची भाषांतरं करतो. करारात असं दोन्हीकडे झुकणारं 'सिन्स' आलं की काम थांबवतो आणि पक्षकाराला फोन करून विचारतो, इथे तुम्हाला तारीख सांगायची आहे की कारण.