काचेच्या आतलं ऊन

ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचकाम हा माझा धंदा, वर्कशॉप पुण्यात, धायरीत. सिंहगड रोडवरच्या एका बंगल्याच्या गच्चीवर उन्हाळ्यात केलेलं एक काम डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

तिथे आधीपासून एक काचेची खोली होती. दुसऱ्या कुणीतरी बांधलेली, आणि आमच्या धंद्याच्या मापाने अव्वल. चारही बाजूंना टफन काच, वर लॅमिनेटेड काचेचं छत, सिलिकॉनचे जॉइंट एकाच दमात ओढलेले. पावसाचा थेंब आत येणार नाही अशी. त्या खोलीत पाळलेल्या इग्वानाची, म्हणजे एका मोठ्या हिरव्या सरड्याची, हाडं मऊ पडली होती. खालचा जबडा सुजून एका बाजूला वळलेला, आणि फांदीवर चढताना पुढचे पाय थरथरत होते.

घरातली मुलगी मला म्हणाली, "दादा, त्याला ऊन मिळावं म्हणूनच बाबांनी एवढा खर्च केला हो." वडील शेजारी गप्प उभे होते. त्यांनी खरोखर पैशाकडे पाहिलं नव्हतं, ते प्रत्येक कोपऱ्यात दिसत होतं.

प्राण्यांचे डॉक्टर त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांच्या हातात मोबाइलएवढा एक मीटर होता, अतिनील किरण मोजणारा. भर दुपारी त्यांनी तो कठड्यावर उन्हात धरला: दहाच्या वर. मग खोलीत शिरून त्याच उन्हाच्या पट्ट्यात, काचेमागे धरला. आकडा शून्यापाशी आला. दार किलकिलं करून फटीत धरला, लगेच चढला. पुन्हा काचेमागे नेला, पुन्हा खाली. आम्ही तिघेही त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिलो. आत डोळे दिपत होते, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मीटरच्या लेखी तिथे ऊनच नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. सरड्याच्या कातडीत ड-3 जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, म्हणजे साधारण 290 ते 315 नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या. ते नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेतं. साधी काच नेमका हाच पट्टा अडवते. पॉलिकार्बोनेट तर जवळपास सगळंच अतिनील गिळतं. उष्णता मात्र आत येते आणि आतच कोंडते. इतकी वर्षं काच विकताना जाडी, टफनिंग, टिंट, उजेड किती येतो, सगळं गिऱ्हाइकाला सांगत आलो. काचेतून काय येत नाही हे विचारणारं गिऱ्हाईक कधी भेटलं नाही आणि कुठल्या काचवाल्याने आपणहून सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

राग आला तो पेट शॉपवाल्याचा. तळहातावर मावणारं हिरवंगार पिल्लू विकताना त्याने ते दीड मीटरच्या पुढे वाढतं हेही सांगितलं नव्हतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा प्राणी. ऊन हवं तेव्हा शेंड्यावर, नको तेव्हा पानांत. अंग तापवणं आणि निववणं तो जागा बदलूनच करतो. या खोलीत बदलायला जागाच नव्हती, सगळीकडे सारखीच भट्टी. मी तापमानाची बंदूक काढली. चकचकीत धातूवर आणि काचेवर ती नीट सांगत नाही, म्हणून फांदीवर, फरशीवर आणि फ्रेमला काळी पीव्हीसी टेप चिकटवून तिच्यावर मोजलं. बसायच्या फांदीवर 35 च्या आसपास हवं, असं डॉक्टर म्हणत होते. त्या दुपारी खोलीतली सगळ्यात गार जागा त्याहून तापलेली होती.

छताचा दक्षिणेकडचा निम्मा भाग काढला आणि तिथे जाळी बसवली. मच्छरदाणीची जाळी त्याच्या नखांपुढे महिनाभर टिकली नसती. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीचे पोपडे प्राण्याच्या पोटात जातात. म्हणून 304 स्टेनलेसची अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, कापलेली टोकं सगळी पट्टीखाली दाबून. स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमला टेकलं तर पुण्याच्या पावसात ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजत जातं, त्यामुळे मध्ये ईपीडीएम रबराची सलग पट्टी आणि प्रत्येक स्क्रूला नायलॉनचा वॉशर. मिस्त्री कुरकुरला, "कोण बघणारे वर चढून?" या एका सवयीने आमच्या धंद्याचं जेवढं नाव खराब केलंय तेवढं स्वस्त मालानेही केलेलं नाही. वॉशर बसले.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर होता, त्याला ड्रिल लावू दिलं नाही. नवे उभे सेक्शन काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घेतले. खाली पूर्वेला तिरप्या पट्ट्यांचा लूव्हर, वर पश्चिमेला उघडी पट्टी, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. उत्तरेच्या कोपऱ्यात 50 मिमी पफ पॅनेलची बंद खोपी केली, कोल्ड स्टोरेजला वापरतात ती. दुपारी गारव्याला आणि जानेवारीतल्या रात्री उबेला. पुण्यात पारा दहाच्या आसपास उतरतो, एवढी थंडी या जनावराला सोसत नाही. खोपीत सिरॅमिक हीटर, त्याभोवती पिंजरा, नाहीतर ते हीटरलाच चिकटून बसतं आणि भाजतं. पाण्याचे फवारे रोज उडणार, म्हणून त्या लाइनीला स्वतंत्र 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. दाराबाहेर आणखी एक दार, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सिलिकॉन न्यूट्रल वापरलं, आंबट वासाचं नाही, आणि ते पुरतं वाळेपर्यंत जनावर खाली घरात ठेवलं.

जाळीखालच्या फांदीवर डॉक्टरांनी मीटर धरला तेव्हा आकडा आला. जाळीमुळे बाहेरच्यापेक्षा कमी, पण पुरेसा.

गच्चीवरचं काम बघून शेजारच्या सोसायटीतून एकाने विचारलं, चांदणी कासवासाठी असंच छोटं करून द्याल का. नाही म्हणालो. भारतीय चांदणी कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. इग्वाना परदेशी आणि साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, तोही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. ती नोंदणीची प्रत मुलीने मला आधीच दाखवली होती, त्याशिवाय मी मापं घेतली नसती.

काचेमागे खरं ऊन नसतं हे वडिलांना मात्र अजून पटलेलं नाही. पावसाळ्यात त्यांचा फोन आला: आत पाणी येतं, जाळीवर पॉलिकार्बोनेट टाकून द्या. मी सरकता पत्रा बसवून दिला, आडवा पाऊस असेल तेवढाच वेळ ओढायचा आणि उघडीप झाली की मागे घ्यायचा. तो चार महिने बंद राहील की काय, ही धास्ती मला आहे. ढगाळ दिवसांसाठी यूव्हीबी ट्यूब लावल्या आहेत, पण त्यांचंही तसंच. उजेड देत राहतात आणि यूव्हीबी आधीच संपत आलेलं असतं. फिटिंगवर बदलायची तारीख मार्करने ठळक लिहिली आहे आणि मुलीच्या मोबाइलमध्ये आठवणही लावून दिली आहे.

पायांची थरथर थांबली आहे. कॅल्शियम आणि बदललेला पाला यांचाही त्यात वाटा आहे, असं डॉक्टर म्हणतात. हाडं घट्ट होतील, पण जबड्याचा आकार आहे तसाच राहील. हे डॉक्टरांनी वडिलांसमोर सांगितलं तेव्हा मला वडिलांकडे बघवलं नाही. निष्काळजी माणूस असता तर गोष्ट वेगळी होती.

आता शेडनेटचा प्रश्न उरला आहे. पुढच्या एप्रिलच्या आत पश्चिमेच्या उघड्या पट्टीवर ते हवंच, पण 50 टक्क्यांचं नेट उष्णतेबरोबर यूव्हीबीही कापणार. किती कापतं ते दुकानदाराला ठाऊक नाही आणि पाकिटावर छापलेलं नसतं. डॉक्टरांच्या मीटरसारखा मीटर मागवला आहे. तो आला की दोन-तीन प्रकारच्या नेटचे तुकडे घेऊन दुपारी गच्चीवर जाणार आहे.