चिंगीचा रिकॉल: शब्द मागे, शेपूट पुढे

मागच्या नोंदीत ‘चिंगीचा रिकॉल पक्का झाला’, म्हणजे माझी बीगल कुत्री शिट्टी वाजली की हमखास परत येते, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. रविवारी बाईसाहेबांनी माझ्या हातावर साफ तुरी दिल्या. लाइन (सरावाचा लांब पट्टा) काढून मोकळी सोडली, पाच मिनिटं शहाण्यासारखी आसपास वावरली, मग नाक जमिनीला टेकलं, ती बीगलची लांबलचक आरोळी झाली आणि गवतात गडप. सदतीस मिनिटं! शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखायला लागले. शेवटी जिथून सुटली होती तिथेच स्वतःच्या पायांनी परत आली आणि ‘होतास कुठे इतका वेळ?’ अशा नजरेने बघत बसली. अकरा आठवड्यांची मेहनत, पालथ्या घड्यावर पाणी.

पहिला संशय शिट्टीवर. पण ॲक्मीची २१०.५ आहे, त्या नंबरची कुठलीही घ्या, सूर तोच. घरात गाढ झोपेतूनही त्या सुरावर उठून येते. मग संशय ट्रीटवर. सुकवलेल्या लिव्हरला ती कधीच नाही म्हणत नाही, पण माग लागला की तेच लिव्हर नाकासमोर धरलं तरी मान वळत नाही. इथे मला आमचा जुना बंड्या आठवला. लॅब्राडॉर. त्याला बिस्किटाचा पुडा नुसता वाजवून दाखवला की नदीतूनसुद्धा बाहेर यायचा, आणि मी समजायचो की मी फार भारी ट्रेनर आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची खा-खा वाढते. म्हणजे निम्मं श्रेय माझं नव्हतंच! रिट्रीव्हर काय, कोली काय, माणसाकडे बघत काम करायला घडवलेली कुत्री. बीगल नाकामागे जाणार आणि माणसाने तिच्यामागे जायचं, अशी ती वाटणी. बंड्याचं पुस्तक मी चिंगीला शिकवत बसलो होतो.

सोमवारी रात्री वही काढली. लाइनवर असताना मारलेल्या ६२ शिट्ट्यांची नोंद होती, त्यातल्या ९ फसलेल्या. फसलेल्या नऊच्या नऊ वेळा शेऱ्यात एकच शब्द: ‘हुंगत’. मग मोबाइलवरचे व्हिडिओ हळू करून पाहिले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माग पक्का लागण्याआधी तिची शेपूट बदलते. एरवी ऐसपैस हलणारी शेपूट एकदम ताठ होते आणि टोक बारीक-बारीक, भराभर फडफडतं. बीगलच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, गवताच्या वर ते झेंड्यासारखं दिसतं. जेमतेम दोन सेकंद. मी शिट्टी मारत होतो त्यानंतर, नाक पुरतं बुडाल्यावर.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. ती आली की मी ट्रीट द्यायचो आणि पट्टा लावून घरची वाट धरायचो. म्हणजे शिट्टी वाजली की खेळ खलास, हे तिने अचूक शिकून घेतलं होतं. मानसशास्त्रज्ञ प्रीमॅकचं तत्त्व इथे कितीदा चघळलंय आपण. जे कुत्र्याला स्वतःहून हवं तेच बक्षीस करा. मीच ते नुसतं इतरांना सांगत होतो.

मंगळवारपासून नवा डाव. दहा मीटरची लाइन हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला (कॉलरला कधीच नाही, पळत जाऊन टोकाला पोचली की मानेला हिसका बसतो). टोक फडफडलं की एकच शिट्टी. पहिल्यांदा अर्ध्यावर येऊन थबकली, मागे बघितलं, मग आली. ट्रीट नाही, ‘शोध!’ म्हटलं आणि तिला त्याच मागावर परत सोडली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पाचव्या वेळी तर इतक्या वेगात गर्रकन वळली की स्वतःच्याच पायात अडखळली. गुरुवारी समोरून ससा गेला, टोक फडफडलं, शिट्टी वाजली आणि ती आली! सशाच्या ताज्या मागावरून! मी तिथेच मटकन बसलो. तीन दिवसांचा हिशोब: १४ पैकी १२. उरलेल्या दोन्ही वेळा मलाच उशीर झाला.

जाता जाता साधनांबद्दल: बायोथेनची (प्लास्टिकचा लेप दिलेल्या पट्टीची) लाइन घ्या. कापडी लाइन दवात भिजून जड होते, नायलॉन हातातून सरकली की तळवा सोलून काढते. आपोआप गुंडाळणारे पट्टे मला साफ नापसंत; सतत ताण असतो, कुत्रं ओढायलाच शिकतं. आणि रविवारच्या प्रकारावर ज्यांनी शॉक कॉलर सुचवली, त्यांना प्रेमाने नाही. मागावर असताना बसलेला झटका ती कशाशी जोडेल, माझ्याशी की समोरच्या झुडपाशी, हे आपल्या हातात नसतं.

महिनाअखेरीस पुन्हा मोकळी सोडायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, घाई कसली? तिला हुंगायचंच आहे तर रीतसर माग काढायलाच का शिकवू नये? माझ्या वापरलेल्या मोज्याचा वास देऊन सुरुवात, सरळ रेषेत पन्नास पावलं, शेवटी तोच मोजा आणि त्याखाली लिव्हर. चालताना वारा माझ्या पाठीवर हवा, नाहीतर ती हवेतूनच वास पकडून नाक वर करून जाईल. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि तिला लाइनवर सोडायचं. व्हिज्लाचं (ही आणखी एक शिकारी जात) पिल्लू आणायचा विचारही त्यामुळे तूर्त बारगळला, एक नाक सांभाळता येईना तर दुसरं कुठे आणता!

शनिवारी पहिला माग टाकतोय. मोजा चार दिवस धुवायचा नाही, हे घरात पटवणं तेवढं बाकी आहे.