पोटाबाहेरचा ठिपका

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसली म्हणून एमआरआय केला. ती गाठ निघाली हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. हुश्श करणार तोच खाली आणखी एक ओळ: डाव्या भागात ८ मिमीचा संशयास्पद ठिपका, श्वासामुळे चित्रं हललेली, तपासणी पुन्हा करावी. लेक म्हणाली, "आई, चित्रं हललीत म्हणतायत ना!" मला मात्र 'संशयास्पद' एवढंच दिसत होतं.

हलले होते मीच. इयरफोनमधून 'साँस रोकिए' आलं की रोखायचा, एवढंच सांगितलं होतं. सराव कुणी करून घेतला नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट उमटावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, सोडल्यावर हातात गार शिरशिरी गेली, तेवढ्यात आज्ञा झाली आणि मध्येच माझा दम सुटला.

दुसऱ्या ठिकाणी टेक्निशियन मुलीनं मशीनमध्ये सरकवण्याआधीच चार वेळा करून घेतलं. "काकू, भरून नाही, सोडून रोखा. भरताना दर वेळी कमी-जास्त होतं, मग यकृतही खालीवर सरकतं. सोडल्यावर ते साधारण त्याच जागी येतं." सोडून रोखणं जास्त जड जातं, पण सतरा-अठरा सेकंद जमलं.

नंतर रेडिओलॉजिस्टनी जुनी सीडी लावली. मणक्यापुढे महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, गोल. त्याच्या सरळ रेषेत, डाव्या भागात तो ठिपका. आणि तेवढ्याच अंतरावर पुढे, पोटाच्या कातडीबाहेर काळ्या हवेत, आणखी एक फिकट ठिपका!

"हवेत गाठ असते का?" डॉक्टरांनी विचारलं. एमआरआयचं चित्र फोटोसारखं क्षणात निघत नाही, कित्येक सेकंद माहिती गोळा होत असते. तेवढ्यात महाधमनी ठोके देत राहते आणि तिच्या सावल्या एकाच दिशेला ओळीनं उमटतात. या वेळी त्यांनी ती दिशाच बदलून घेतली होती: आधी पाठ-पोट, आता डावी-उजवी. नव्या चित्रात सावल्या आडव्या पडल्या होत्या आणि डावा भाग स्वच्छ होता. उजवीकडची गाठ मात्र दोन्ही सीडींत जागच्या जागी, पांढरीशुभ्र.

"मग तो हवेतला ठिपका आधीच्या रिपोर्टात का नाही लिहिला?" मी विचारलं. डॉक्टर नुसते हसले, आणि लेकीनं टेबलाखालून माझा हात दाबला.