अडीच सुताचा बोल्ट आणि जुना गार्डन ट्रॅक्टर

अमेरिकेत ओहायो, विस्कॉन्सिनकडच्या गावांत घराभोवती एकर-दीड एकर गवत असणं काही विशेष नाही. ते कापायला गॅरेजमध्ये गार्डन ट्रॅक्टर असतो. आपल्या शेतातला चाळीस हॉर्सपॉवरचा नव्हे, तर सात ते वीसचा, पोटाखाली पात्यांचं डेक लटकवलेला. कब कॅडेट कंपनीचा १९६१ पासूनचा, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. ही जुनी यंत्रं अजून चालतात. डीलरकडे मात्र कंपनीच्या डब्यातले सुटे भाग घ्यायला गेलात, तर बिल बघून ट्रॅक्टरच विकून टाकावासा वाटतो. तेच भाग स्वस्तात कसे मिळवायचे, ते बघू.

बेअरिंग, सील, पट्टा हे भाग सहसा ट्रॅक्टर कंपनी बनवतच नाही, बाहेरून घेते. म्हणून जुना भाग काढा, रॉकेलने पुसा आणि त्याच्यावरचा नंबर वाचा. डेकच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या घरात, बऱ्याचदा ६२०३-२आरएस (दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं) निघतं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मागाल तेच हे बेअरिंग: आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिलिमीटर. पण एक खोड आहे. काही स्पिंडलचा शाफ्ट पाच सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे १५.८८ मिलिमीटरचा असतो. तिथे बाहेरून ६२०३ एवढंच पण आतून पाच सुताचं बेअरिंग लागतं. साधं घातलंत तर मिलिमीटरभर ढिलं बसतं आणि पातं थरथरतं. शाफ्टला व्हर्नियर लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब द्या. दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरलात तर नट आवळला की आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवं बेअरिंग काही दिवसांतच बोंबलतं. स्पिंडलला ग्रीस निपल असेल तर बेअरिंगचं आतल्या बाजूचं रबरी झाकण काढून टाका, नाहीतर ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

पट्ट्याचंही गणित सोपं आहे. ४एल८८० म्हणजे रुंदी चार सूत आणि बाहेरून घेर ८८ इंच. हाच आपल्याकडच्या ए-८६ च्या जवळचा, कारण ए मालिकेत आतला घेर मोजतात. जुना पट्टा मोजून नवा घेऊ नका. तो ताणलेला असतो, त्यामुळे माप इंचभर जास्तही भरतं. पार्ट-बुकातला आकडा धरा. पैसे वाचवायची जागाही ही नव्हे. क्लचसारखा सैल-घट्ट होणारा पट्टा अरामिड (केवलरसारख्या मजबूत) दोऱ्याचा आणि कोरड्या कापडी वेष्टनाचाच हवा. साधा रबरी पट्टा पुलीला चिकटून राहतो, आणि लिव्हर सोडला तरी पाती फिरत राहतात. हे धोक्याचं आहे.

बोल्ट इंचातले. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंचाच्या बोल्टला इंचात १८ आटे असतात. एम-८ दिसायला तसाच, पण त्याला साधारण २० पडतात. दोन-तीन आटे गोडीने जातो, मग अडतो. रेटलात की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. तेरा मिलिमीटरचा पानाही चार सुती डोक्यावर बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करून ठेवतो.

इंजिनाचे भाग मागवायला नुसतं मॉडेल पुरत नाही. कोहलर कंपनीचं के-३०१ इंजिन एकच, पण त्याच्या पट्टीवर स्पेसिफिकेशन नंबरही असतो आणि त्यावर क्रँकशाफ्ट, ऑइल पॅन बदलतं. ठिणगीसाठी लागणारे पॉइंट सेट स्वस्तात मिळतात, गॅप ०.०२० इंच ठेवा. स्वस्त चायनीज कार्ब्युरेटरच्या मात्र वाटेला जाऊ नका. जेट आणि लिंकेजची भोकं जुळली नाहीत की इंजिन झोके खात राहतं. जुन्याच्या थ्रॉटल शाफ्टला खेळ नसेल तर निडल, गास्केटचा किट घालून तोच चालवा. ट्रॅक्टर घेण्याआधीच विचार करत असाल तर जॉन डिअर ३१८ मधल्या ओनान इंजिनापासून सावध राहा: ट्रॅक्टर उत्तम, पण त्या इंजिनाचं उत्पादन केव्हाच थांबलंय आणि सुटे भाग महाग.

क्राफ्ट्समन या ब्रँडचं यंत्र असेल तर सीटखालची नंबर-पट्टी बघा, कारण ती यंत्रं दुसऱ्या कंपन्या बनवत. नंबर ९१७ ने सुरू होत असेल तर ते रोपर किंवा एवायपीचं, म्हणजे आजच्या हस्कवार्नाच्या घराण्यातलं. जुन्या सहा आकडी पार्ट-नंबरापुढे ५३२ लावून शोधलात तर बऱ्याचदा तोच भाग सापडतो. २४७ असेल तर ते एमटीडी या कंपनीचं.

गिअरबॉक्स, पुढचा अॅक्सल असे ओतीव भाग टपालाने मागवायचे म्हणजे भाड्यातच पैसे जातात. त्यापेक्षा थंडीच्या तोंडावर गावातलाच त्याच मॉडेलचा बंद पडलेला ट्रॅक्टर उचला. जाण्याआधी नंबर-पट्टीचा आणि ऑइलच्या डिपस्टिकचा फोटो मागा. डिपस्टिकवर दुधाळ थर असेल तर इंजिन हिशेबात धरू नका. ट्रॅक्टर घरी आणला की आधी स्पिंडल, स्टार्टर आणि स्टीअरिंगचे गिअर काढून ठेवा. चाकांचे हब गंजून शाफ्टला धरलेले असतात. हातोडा लावण्याआधी पेनिट्रेटिंग ऑइल मारून दोन दिवस तसेच राहू द्या.