मिठापलीकडची पंगत

स्टीलआय स्पॅन या इंग्लिश लोकसंगीत चमूची 1972 सालची ‘बिलो द सॉल्ट’ ही तबकडी गेले काही दिवस मी पुन्हा पुन्हा ऐकत आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मेजवानीच्या मेजावर मिठाचे भांडे ठेवलेले असे आणि त्याच्या पलीकडे, म्हणजे यजमानापासून दूर, हलक्या मानाच्या लोकांची पंगत बसे. तबकडीचे नाव तिथून आले आहे. लोकगीते ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली ते लोक याच पंगतीतले, त्यामुळे हे नाव मला समर्पक वाटते.

चमूची आधीची तबकडी ‘पेगॅसस’ने काढली होती, तर ही जेथ्रो टलसारखी रॉक मंडळी पदरी असलेल्या ‘क्रिसालिस’ने. कंपनी बदलली आणि चमू रॉककडे वळला, असे म्हणण्याचा मोह यामुळे सहज होतो. मला ते पटत नाही. 1971च्या अखेरीस चमूचे संस्थापक अ‍ॅश्ली हचिंग्ज आणि लोकसंगीतातले जाणते गायक-गिटारवादक मार्टिन कार्थी हे दोघेही बाहेर पडले आणि त्यांच्या जागी बेसवर रिक केम्प व गिटारवर बॉब जॉन्सन आले. आवाज बदलला तो या माणसांमुळे.

‘किंग हेन्री’ ऐकताना हे लख्ख कळते. शिकारीहून आलेल्या राजासमोर एक अक्राळविक्राळ स्त्री उभी राहते, खाण्यासाठी त्याचा घोडा, त्याचे कुत्रे, त्याचे ससाणे एकेक करून मागते आणि शेवटी त्याच्या शेजारची जागाही मागते. सकाळी पाहतो तो तिथे सुंदरी. जुन्या पोवाड्यासारख्या या कथागीतात तिची मागणी वाढत जाते तसतशी विजेची गिटार अंगावर येते. ड्रम वाजवणारा चमूत अजून कोणी नव्हता, पण केम्पच्या बेसमुळे ती उणीव भासत नाही.

आणि तरीही या तबकडीतले सर्वांत गाजलेले गाणे ‘गाउदेते’, ज्यात एकही वाद्य नाही! हे नाताळचे लॅटिन गीत 1582 साली छापलेल्या, फिनलंड आणि स्वीडनमधल्या शाळांशी नाते असलेल्या ‘पीए कान्तिओनेस’ या संग्रहातले आहे. पहिल्यांदा ऐकताना सुरुवातीला काहीच ऐकू येईना, म्हणून मी हेडफोनची वायर तपासली, आवाज पूर्ण वाढवला आणि थोड्याच वेळात कानठळ्या बसल्या. दिंडी दुरून यावी, दारावरून जावी आणि वळणापलीकडे विरत जावी, तसे ते गाणे मुद्दामच ध्वनिमुद्रित केले आहे. पाचही जण मिळून ध्रुवपद म्हणतात तेव्हा चमूची गायिका मॅडी प्रायर हिचा आवाज सगळ्यांच्या वर स्वच्छ तरंगतो.

तबकडी निघाल्यानंतर वर्षभराने, 1973च्या नाताळात, हे गाणे स्वतंत्र छोट्या तबकडीवर आले आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत 14व्या क्रमांकावर गेले. क्रिसालिसचा हात मला दिसतो तो इथे: वाद्य नसलेले, लॅटिनमधले गाणे रॉकच्या गिऱ्हाइकांसमोर ठेवण्याचे धाडस त्यांनी केले. पुढे 1975मध्ये, माइक बॅट निर्माता असताना, ‘ऑल अराउंड माय हॅट’ने त्याच यादीत 5वा क्रमांक गाठला, ते गाणे ठसकेबाज आहे खरे, पण मी मात्र पुन्हा ‘किंग हेन्री’च लावतो.